सर्वेक्षण गावात येते तेव्हा

मुंबई-गोवा महामार्गाने निघाले की पेण येण्याआधी हमरापूर फाटा लागतो. तिथून आत वळले की हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही शेजारशेजारची गावे. या गावांचा मोठा धंदा एकच, गणपती. पडवीत, अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये मूर्ती वाळत ठेवलेल्या दिसतात. कुणी साच्यात माल ओततो, कुणी मूर्ती घासून गुळगुळीत करतो, कुणी अंगाचा रंग मारतो, आणि ज्याचा हात स्थिर तो डोळ्यांची आखणी करतो. इथून रंगवलेले गणपती जातात, तसे न रंगवलेले कच्चे गणपतीही ट्रक भरून राज्यभर जातात आणि त्या त्या गावी रंगवून विकले जातात. पेण शहरात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी रुजलेली ही कला आसपासच्या गावांत पसरली आणि असंख्य घरांची चूल तिच्यावर पेटू लागली.

अशा धंद्याविषयी माहिती हवी असणारेही पुष्कळ असतात. विद्यापीठातला विद्यार्थी प्रबंध लिहीत असतो. पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेला रंग आणि विसर्जन यांची माहिती हवी असते. बँकेला कर्जाची गरज जोखायची असते, रंगाच्या कंपनीला बाजार कळून घ्यायचा असतो, सरकारी खात्याला योजना आखायची असते. हे सगळे शेवटी एकाच दारात येऊन थांबतात. ते दार मूर्तिकारांच्या संघटनेचे. मागणीही एकसारखी असते: "आमची एवढी प्रश्नावली तुमच्या सभासदांना पाठवाल का?"

मागणी साधी वाटते. अध्यक्ष किंवा चिटणीस मोबाइल काढतात आणि सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुवा टाकतात. वेळ नसला तर संदेश तसाच पडून राहतो. पण या दोन्हींमध्ये एक मोठा निर्णय न विचारता होऊन जातो. कुणाला धंद्याविषयी बोलू द्यायचे, कुणाच्या हाती सभासदांची माहिती द्यायची आणि उद्या या धंद्याविषयी कोणते आकडे छापले जातील, हे त्यात ठरते. जगभरच्या व्यापारी आणि व्यावसायिक संघटनांना हा प्रश्न पडतो. जोह्यासारख्या ठिकाणी त्याचे मोल अधिक आहे, कारण इथल्या लोकांची रोजीरोटी गेली काही वर्षे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपीच्या) मूर्तींविषयीचे अहवाल आणि आदेश यांच्यावर हेलकावे खात आहे.

संघटनेच्याच दारात का?

पाहणी करायची तर आधी यादी लागते. कोणाकोणाला विचारायचे हे ठरल्याशिवाय किती जणांनी काय सांगितले याला अर्थ येत नाही. मोठ्या कारखान्यांची यादी सरकारकडे असते. जोह्यातले बरेचसे कारखाने मात्र घरातच चालतात. दारावर पाटी असेलच असे नाही. हंगामात माणसे वाढतात, हंगाम सरला की कमी होतात. एकाच घरात दोन भाऊ दोन वेगळे धंदे चालवतात, तर कधी तीन घरे मिळून एकच धंदा करतात. या सगळ्यांची त्यातल्या त्यात नीट यादी असते ती संघटनेकडे. म्हणून संशोधक तिथे येतो.

दुसरे कारण विश्वासाचे. अनोळखी माणसाने धंद्याची उलाढाल विचारली तर कोणीही सावध होतो. तोच प्रश्न आपल्या संघटनेच्या चिटणिसाकडून आला तर निदान वाचला जातो. संशोधकाला यादीइतकाच हा विश्वास हवा असतो. तो संघटनेने वर्षानुवर्षांच्या कामातून मिळवलेला असतो, आणि एखादे सर्वेक्षण फसवे निघाले तर तोच आधी खर्ची पडतो. पुढच्या वेळी सभासद संघटनेचा खरा निरोपही उघडून पाहत नाहीत.

आपल्याकडे पाहणीची परंपरा घरोघर फिरण्याची होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला; पुढे सहलेखक कानिटकर यांच्या सोबतीने जातेगाव बुद्रुकचा अभ्यास 1921 मध्ये आला. 1930 मध्ये स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी प्रगणक उंबऱ्यावर बसून प्रश्न विचारी. उत्तर देणारा त्याचा चेहरा पाही, उलट प्रश्न करी, शंका फेडून घेई. आज प्रश्नावली मोबाइलवर येते. विचारणारा दिसत नाही. समोर बसून जी ओळख व्हायची, ती करून देण्याची जबाबदारी आता मध्यस्थावर, म्हणजे संघटनेवर आली आहे.

शितावरून भात, पण कोणत्या शितावरून?

शितावरून भाताची परीक्षा करतात हे सर्वांना ठाऊक आहे. ती परीक्षा खरी ठरते, कारण भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. वरचा भात शिजला आणि तळचा कच्चा राहिला तर वरचे शीत चुकीची साक्ष देते. सर्वेक्षणाचे सगळे शास्त्र याच एका अडचणीभोवती उभे आहे.

अमेरिकेत 1936 साली अध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि 20 लाखांहून अधिक परत आल्या. एवढ्या उत्तरांवरून साप्ताहिकाने आल्फ लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनधारक आणि मोटारमालक यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि मंदीच्या त्या वर्षांत ही चैन ज्यांना परवडत होती त्यांचे मत गरीब मतदारांपेक्षा वेगळे होते. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवली ते न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते. आधी यादीने दगा दिला, मग मौनाने.

जोह्यात हेच दोन धोके आहेत. समजा संघटनेच्या गटात 400 सभासद आहेत आणि प्रश्नावली 40 जणांनी भरली. हे 40 कोण? ज्यांना मोबाइलवर फॉर्म भरण्याची सवय आहे, ज्यांचा धंदा मोठा आहे, ज्यांचा मुलगा शिकलेला आहे, किंवा ज्यांची तक्रार ताजी आहे असे. उरलेल्या 360 जणांचे मौन अहवालात कुठेच दिसत नाही. त्याआधीचा प्रश्न असा की गटात मुळात कोण आहे? बहुधा कारखान्याचा मालक. घरी बसून नगावर रंगकाम करणारी बाई त्यात नाही. हंगामापुरता बाहेरून आलेला कारागीर नाही. पावडर, काथ्या, रंग पुरवणारा दुकानदार नाही. मग 'पेणच्या मूर्तिकारांचे मत' या मथळ्याखाली जे छापले जाते ते खरे तर काही मालकांचे मत असते. अशा अहवालावरून प्रशिक्षणाची योजना आखली तर ती जिच्या हातात ब्रश आहे तिच्यापर्यंत पोचत नाही.

संघटनेने विनंती पुढे पाठवताना संशोधकाला ही मर्यादा स्पष्ट सांगायला हवी: आमच्या गटात कोण आहे, कोण नाही, आणि बाकीच्यांपर्यंत जायचे तर गावात यावे लागेल. हे सांगितले तर सर्वेक्षण सुधारते. चांगल्या संशोधकाला याचा राग येत नाही, उलट त्याला हवी असलेली माहिती मिळते.

चार प्रकारचे पाहुणे

आलेल्या सगळ्या विनंत्यांना एकच माप लावता येत नाही. त्यांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार सरकारी आकडेवारीचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय असंघटित क्षेत्रातील उद्योगांची वार्षिक पाहणी करते. शेतीबाहेरचे, कंपनी म्हणून नोंद नसलेले छोटे उत्पादक, व्यापारी आणि सेवा देणारे त्यात येतात. घरातला गणपतीचा कारखाना हा याच जगाचा रहिवासी. या पाहणीत कोणते घर निवडायचे हे शास्त्रीय पद्धतीने ठरते आणि प्रगणक प्रत्यक्ष येतो. इथे संघटनेचे काम दुवा पाठवण्याचे नाही. आलेला माणूस खरा आहे, त्याचे ओळखपत्र पाहा आणि निःशंक बोला, एवढे सभासदांना सांगण्याचे आहे. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली गोळा केलेली माहिती सांख्यिकी कामासाठीच वापरायची असते, आणि ती गुप्त ठेवण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर असते. आकडा सांगितला की करखात्याची नोटीस येईल ही भीती छोट्या धंद्यात खोल रुजलेली आहे. ती घालवण्याचे बळ संघटनेच्या शब्दात आहे.

दुसरा प्रकार योजनेच्या पाहणीचा. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकासासाठी केंद्राची योजना आहे. तिच्यात सामायिक सुविधा केंद्रासारखी मदत मागायची तर आधी त्या समूहाचा निदान अहवाल तयार करावा लागतो. किती घटक आहेत, किती माणसे काम करतात, कच्चा माल कुठून येतो, यंत्रे कोणती, अडचणी कोणत्या, हे सारे त्यात मांडावे लागते. या पाहणीत संघटना बघ्याच्या भूमिकेत राहूच शकत नाही. निदान चुकले तर उपचारही चुकतो, आणि चुकीची यंत्रे गावात येऊन धूळ खात पडतात.

तिसरा प्रकार शैक्षणिक संशोधनाचा. यात पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या छोट्या प्रकल्पापासून मोठ्या संस्थेच्या अभ्यासापर्यंत सगळे येते. काहींमागे कष्ट आणि तळमळ असते. काही केवळ मुदत संपायच्या आत शंभर उत्तरे जमवण्याची धडपड असते.

चौथा प्रकार व्यापारी पाहणीचा. रंग, साचे, वेष्टन किंवा कर्ज विकणारी कंपनी बाजार चाचपत असते. यात वाईट काही नाही, पण ते उघड सांगितलेले असावे. 'संशोधन' असे नाव देऊन ग्राहकांचे फोन नंबर गोळा करणे ही फसवणूक आहे, आणि तिथे संघटनेने नाही म्हणायलाच हवे.

विनंती तपासण्याची रीत

ज्या संघटनांनी हा प्रश्न नीट सोडवला आहे त्यांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखी असते. विनंती लेखी घेतली जाते. एकट्या पदाधिकाऱ्याच्या मर्जीवर निर्णय सोडला जात नाही. दोन-तीन जणांची छोटी समिती तो करते. होकार असो वा नकार, ठरलेल्या मुदतीत कळवला जातो. सभासदांवर एका मागोमाग एक प्रश्नावल्या आदळू नयेत म्हणून वर्षभरात किती पाठवायच्या यावर मर्यादा असते. काही संघटना मोठ्या संशोधन संस्थांकडून वा कंपन्यांकडून शुल्क घेतात आणि विद्यार्थ्यांना ते माफ करतात.

समितीने विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण प्रत्येकाचे उत्तर हवे. संशोधन कोण करते आणि त्याचा पैसा कोण देतो? विद्यार्थी असेल तर मार्गदर्शक कोण, आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आहे का? या माहितीचे पुढे काय होणार? प्रश्नावली भरायला किती वेळ लागतो? ती मराठीत आहे का? नाव, फोन, आधार क्रमांक यातले काय विचारले आहे, आणि ते खरोखर लागते का? आणि शेवटी, निष्कर्ष सभासदांना केव्हा आणि कोणत्या रूपात मिळतील?

यानंतरची पायरी अनेकदा गाळली जाते, आणि तीच सर्वांत उपयोगी आहे. समितीतल्या एखाद्या मूर्तिकाराने प्रश्नावली आधी स्वतः भरून पाहावी. शहरात बसून लिहिलेले प्रश्न गावात आले की कुठे अडतात ते लगेच कळते. 'आपली वार्षिक उलाढाल किती?' या प्रश्नाला जोह्यातला छोटा कारखानदार अंदाजाने काहीतरी लिहील किंवा रिकामी जागा सोडील. 'या हंगामात किती फुटांचे किती गणपती गेले? त्यातले कच्चे किती, रंगवलेले किती?' असे विचारले तर तो बोटांवर मोजून सांगेल, कारण त्याचा हिशेबच तसा असतो. 'कामगार किती?' म्हटले की तो पगारी माणसे मोजतो. बायको, आई, सून यांचे काम त्याच्या मोजणीत येत नाही. 'घरातली आणि बाहेरची मिळून किती माणसे, दिवसाचे किती तास?' असे विचारले की खरे चित्र समोर येते. हंगामात कारागिराला दिलेली आगाऊ रक्कम, उधारीवर गेलेला माल, वाहतुकीत फुटलेल्या मूर्ती, विक्री न झाल्याने वर्षभर सांभाळावा लागलेला साठा, हे तपशील बाहेरच्या प्रश्नावलीत क्वचितच असतात. नफा-तोटा मात्र इथेच ठरतो.

वेळेचाही विचार हवा. आषाढ-श्रावणात कारखान्यांतले दिवे रात्रभर जळत असतात. तेव्हा पाठवलेली प्रश्नावली वाचलीच जाणार नाही. गणपती गेल्यावर, हिशेब आटोपले आणि पुढच्या वर्षाची जुळवाजुळव सुरू व्हायच्या आधी जी थोडी उसंत मिळते, ती अशा कामाला योग्य. संघटनेने हे पंचांग संशोधकाला आधीच सांगावे.

होकार दिल्यावरही सभासदांची यादी बाहेर द्यायची नाही, हा नियम पक्का असावा. दुवा संघटनेने स्वतः पाठवावा; ज्याला उत्तर द्यायचे तो देईल. सभासदाने आपला फोन नंबर सभासदत्वासाठी दिला आहे, कुणाच्या पाहणीसाठी नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, आणि संमती मोकळेपणाने व समजून दिलेली असावी. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी एकीत वाचण्याचा पर्याय या कायद्याने नागरिकाला दिला आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणून मराठीत संमतीपत्र मागताना संकोच करण्याचे कारण नाही.

सोबतचा संदेशही तटस्थ हवा. 'सर्वांनी भरा आणि आपली बाजू ठामपणे मांडा' असे लिहिले की उत्तरे आधीच वळवली जातात. पेणच्या पट्ट्यात शाडूच्या मातीचे काम करणारे आहेत, तसे पीओपीचे काम करणारेही आहेत, आणि दोघांचे हितसंबंध प्रत्येक वेळी जुळतात असे नाही. संघटनेची भूमिका ठरावातून मांडावी; सर्वेक्षणात सभासदाला स्वतःचे उत्तर देऊ द्यावे. 'भरणे ऐच्छिक आहे, न भरल्यास काही बिघडत नाही' हे वाक्य प्रत्येक संदेशात असलेच पाहिजे.

आकडा उघडा पडू नये म्हणून

नाव न लिहिले म्हणजे ओळख लपली, असा समज सर्वत्र आहे. छोट्या गावात तो खोटा ठरतो. समजा अहवालात तक्ता आला की पंधरा फुटांहून उंच मूर्ती करणाऱ्यांचे सरासरी उत्पन्न इतके. गावात असे काम करणारे दोघेच असतील तर तक्ता वाचणाऱ्या प्रत्येकाला ते दोघे कोण हे कळते, आणि त्या दोघांना एकमेकांचे उत्पन्नही कळते. म्हणून ज्या रकान्यात फार थोडी माणसे येतात तो दुसऱ्या रकान्यात मिसळावा, अशी सांख्यिकीतली जुनी शिस्त आहे. संघटनेने ती अट आधीच घालावी.

किमतींच्या माहितीला आणखी एक बाजू आहे. जून 2012 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने देशातल्या बड्या सिमेंट कंपन्यांवर मिळून 6 हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कंपन्यांनी संगनमत केले असा आयोगाचा निष्कर्ष होता, आणि सिमेंट उत्पादकांच्या संघटनेमार्फत किमती व उत्पादन यांची माहिती गोळा होऊन फिरत होती हा त्या निष्कर्षाचा एक आधार होता. प्रकरण अपिलात गेले, आदेश रद्द झाला, 2016 मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला आणि 2018 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. जोह्यातला कारखाना आणि सिमेंटचा कारखाना यांची बरोबरी नाही, पण यातून घेण्याचा धडा दोघांना सारखाच आहे. पुढच्या हंगामात कोण किती दर लावणार, ही माहिती संघटनेच्या गटावर गोळा करू नये. मागच्या हंगामाची सरासरी, तीही त्रयस्थ संस्थेने काढलेली, अभ्यासाला पुरेशी असते.

मिळालेली उत्तरे परत आणा

संशोधकांविषयीची सर्वांत जुनी तक्रार अशी की ते येतात, विचारतात आणि पुन्हा दिसत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी समाजावर पिढ्यान्‌पिढ्या संशोधन झाले. लेख प्रसिद्ध झाले, पदव्या मिळाल्या, समाजाला मात्र त्यातले फारसे काही कळले नाही. 2017 मध्ये या समाजाच्या प्रतिनिधींनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य प्रक्रिया ही तिची तत्त्वे. संशोधनाचा प्रस्ताव आधी समाजाच्या परिषदेपुढे यावा, प्रसिद्धीपूर्वी निष्कर्ष समाजाला कळावेत आणि लाभात समाजाचाही वाटा असावा, असे ती सांगते. ज्यांना जगाने केवळ अभ्यासाचा विषय मानले त्यांनी अभ्यासाचे नियम स्वतः लिहिले, म्हणून हा प्रसंग जगभर महत्त्वाचा मानला जातो.

आपल्या महाराष्ट्रातही एक चांगले उदाहरण आहे. 1934 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेने 2020 च्या टाळेबंदीनंतर सभासद उद्योगांची वारंवार पाहणी करून उत्पादन किती सावरले, माणसे किती कामावर आली याचे आकडे प्रसिद्ध केले. सभासदाने दिलेले उत्तर थोड्याच दिवसांत त्याला एकूण चित्राच्या रूपात परत मिळत होते. आपले उत्तर कुठे गेले हे दिसले की माणूस पुढच्या वेळी उत्तर देतो. जोह्यात यासाठी जाडजूड अहवाल नको. दोन पानी मराठी सारांश आणि गावात एक सभा पुरेशी आहे. त्या सभेत मूर्तिकार आकडे ऐकतील, चुकीचे असतील तिथे हरकत घेतील, आणि संशोधकाचा अभ्यासही त्याने पक्का होईल.

हे सारे आत्ताच का?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची पहिली मार्गदर्शक तत्त्वे 2010 मध्ये दिली. मे 2020 मध्ये सुधारित तत्त्वांत पीओपीच्या मूर्तींवर बंदी आली, आणि त्याच महिन्यात तिची अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलली गेली. त्यानंतर दरवर्षी अनिश्चितता राहिली. 30 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माघी गणेशोत्सवाच्या तोंडावर तत्त्वांच्या काटेकोर पालनाचा आदेश दिला. मग डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशी पुढे आल्या. 9 जून 2025 रोजी न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवण्यास आणि विकण्यास मोकळीक दिली. नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन मात्र होऊ नये असे बजावले. जानेवारी ते जून हे महिने जोह्यात हंगामाचे असतात. आपण घडवतो आहोत तो माल विकता येईल की नाही, हे माहीत नसताना लोकांनी ते महिने काढले.

विसर्जनाने पाण्याचे काय होते हे प्रयोगशाळा सांगू शकते. पीओपी घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेटने विरघळवण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने लोकांपुढे ठेवली, ती अशाच संशोधनातून. पण किती घरे या कामावर जगतात, नगावर रंग मारणाऱ्या बाईला महिन्याला किती मिळते, पीओपी सोडून शाडूकडे वळायचे तर जागा, वाळवण्याचा वेळ आणि भांडवल किती वाढेल, कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात येतो, या प्रश्नांची उत्तरे परीक्षानळीत सापडत नाहीत. ती फक्त लोकांना विचारून मिळतात. पेणच्या धंद्याविषयी वर्तमानपत्रांत येणारे कारखान्यांचे आणि मूर्तींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. धंद्याची बाजू मांडणाऱ्याला आणि नदी-खाडीची बाजू मांडणाऱ्याला, दोघांनाही खात्रीच्या आकड्यांची सारखीच गरज आहे.

म्हणून प्रत्येक सर्वेक्षणाला दार बंद करणारी संघटना सभासदांचे नुकसान करते, आणि न वाचता प्रत्येक दुवा पुढे ढकलणारी संघटनाही तेवढेच नुकसान करते. सभासदांचा वेळ, त्यांची माहिती आणि त्यांचा विश्वास या तीन गोष्टींची संघटना विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला लेखी नियमाने वागावे लागते. त्यासाठी मोठा खर्च नको. येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव पुरे: संशोधनाची विनंती लेखी घेऊ, तिघांची समिती ती तपासेल, यादी बाहेर देणार नाही, प्रश्नावली मराठीतच हवी, उत्तर देणे ऐच्छिक राहील, रंगकाम करणाऱ्या बायांपर्यंत आणि हंगामी कारागिरांपर्यंत पोचण्याची अट घालू, आणि निष्कर्ष गावात येऊन सांगितल्याशिवाय त्या संशोधकाची पुढची विनंती स्वीकारणार नाही. तुम्ही जोह्याचे मूर्तिकार असा, येवल्याचे विणकर असा किंवा कोल्हापूरचे चप्पल कारागीर, तुमच्या संघटनेच्या पुढच्या सभेत हा विषय मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.